चाक नसलं तरी भांडं होतंय

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावजवळच्या खानापूरची माती कुंभारकामाला चांगली, हे तुम्हाला मी काय सांगायचं, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थापण तिथंच आहे. तरी कुणाला म्हटलं, घरी एखादी वाटी करून बगा, तर पहिला प्रश्न येतो, चाक कुठनं आणायचं ओ?

चाक नकोच की! जपानची जोमोन काळातली सगळ्यात जुनी भांडी 10,000 वर्षांपेक्षा जुनी, हातानं केलेली, आणि लांब कशाला, आपल्याच कर्नाटकात ब्रह्मगिरीला सापडलेली नवाश्मयुगातली करडी भांडीपण बहुतेक हातचीच. मणिपूरच्या लोंगपी गावात तर आजसुद्धा दगडाची पूड मातीत मळून चाकाशिवाय काळी भांडी करतात. मण्णेत्तिन अमावास्येचे मातीचे बैल आपल्याकडं कुणी चाकावर करतंय काय?

माती भाकरीच्या पिठासारखी चांगली मळा, बोटाएवढ्या जाड वळ्या करा, एकावर एक चढवत आतनं-बाहेरनं लिंपून घ्या. सांधा करताना दोन्हीकडं ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा, आणि मेन गोष्ट, दोन्ही बाजूंची ओल सारखी पाहिजे. बूड सुकलेलं आणि वर ओली वळी बसवली की तडा जाणारच, कारण माती सुकताना आटते, ओली जास्त आटते, सुकलेली कमी, मग ती ताणाताणी सांध्यावरच येते. म्हणून मी म्हणतो, हातात कला किती ते नंतर बघू, आधी सुकवायला शिका. प्लास्टिकखाली झाकून सावलीत ठेवा, उन्हात ठेवायची घाई नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर दोन-तीन आठवडेपण लागतात.

भट्टीत भांडं फुटलं की लोक म्हणतात आत हवा राहिली, पण बहुतेक वेळा ते आत राहिलेलं पाणी असतंय, 100 डिग्रीला त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून सुरुवातीला जाळ अगदी मंद. पुढं 573 डिग्रीला मातीतली गारेची वाळू एकदम फुगते आणि थंड होताना तिथंच परत आकसते, म्हणून भट्टी गार व्हायच्या आधी उघडू नका.

घरच्या गॅसवर हे होत नाही, साधी लाल माती भाजायला साधारण 700 ते 900 डिग्रीपर्यंत जावं लागतंय. जवळच्या कुंभारमामांना विचारा, त्यांची भट्टी लागेल तेव्हा तुमच्या दोन वाट्या ठेवतील काय, आणि जळणाचे पैसे आधी विचारून द्या.