मान मोडण्याआधीचा ट्राउटमान

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमधल्या गोलकीपरांचा विषय निघाला, की पहिलं नाव येतं गॉर्डन बँक्सचं. यायलाच हवं. ७ जून १९७०, मेक्सिकोतलं ग्वादालाहारा, वर्ल्ड कपमधला इंग्लंड-ब्राझील सामना. जैरझिन्योने उजवीकडून क्रॉस टाकला आणि पेलेने उंच उडी घेऊन हेडर जमिनीकडे हाणला. बँक्स तेव्हा गोलच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून तो झेपावला आणि टप्पा पडून उसळलेला चेंडू त्याने बोटांनी क्रॉसबारवरून बाहेर काढला. सामना ब्राझीलने १-० असा जिंकला, पण लोक आजही बोलतात ते या बचावाबद्दलच.

मला मात्र आज बोलायचंय ते इंग्लंडकडून कधीच न खेळलेल्या गोलकीपरबद्दल. तो इंग्रज नव्हताच. ब्रेमेन शहरात जन्मलेला जर्मन, बर्ट ट्राउटमान.

त्याची एक गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. ५ मे १९५६, वेम्ब्ली, इंग्लंडमधल्या क्लबांच्या एफए कप स्पर्धेची फायनल. मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. शेवटची सतरा-एक मिनिटं उरली असताना बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडू घेऊन आत घुसला. ट्राउटमानने थेट त्याच्या पायांत सूर मारला. चेंडू हाती आला, पण मर्फीचा गुडघा मानेवर बसला. तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. गोलकीपर बाहेर गेला, तर दहाच जण खेळणार आणि त्यांतलाच एक गोलमध्ये उभा राहणार. ट्राउटमान उठला, हाताने मान चोळत, लडखडत उभा राहिला आणि शेवटपर्यंत चेंडू अडवत राहिला. सिटी ३-१ ने जिंकली. चार दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मणके सरकलेत आणि दुसरा तर दुभंगलाय. तिसरा मणका त्याला येऊन टेकला होता, म्हणून तो वाचला.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्याआधीची सात वर्षं जास्त मोठी वाटतात.

ट्राउटमान हिटलरच्या सैन्यात पॅराट्रूपर होता. पूर्व आघाडीवर लढला, आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळवलं, शेवटी ब्रिटिशांच्या हाती लागला. लँकेशायरमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत तो आधी बचावफळीत खेळायचा, गोलमध्ये उभा राहू लागला तो तिथेच. सुटका झाल्यावर मायदेशी न जाता तो इंग्लंडमध्येच राहिला. १९४९च्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं आणि शहर खवळलं. सुमारे वीस हजार लोक रस्त्यावर उतरले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती, मँचेस्टरवर बॉम्ब पडले होते, आणि शहरात ज्यू वस्ती मोठी होती.

सिटीचा कॅप्टन एरिक वेस्टवूड स्वतः नॉर्मंडीत जर्मनांशी लढून आलेला. त्याने ट्राउटमानला सांगितलं, या ड्रेसिंग रूममध्ये युद्ध नाही. आणि मँचेस्टरचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अलेक्झांडर आल्टमान यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. साऱ्या देशाच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नका, तो कसा आहे ते बघून ठरवा, असा त्याचा आशय. हे लिहिणारे आल्टमान १९३८ साली जर्मनीतून जीव वाचवून आलेले होते. त्यांचे वडील आउशवित्झमध्ये मारले गेले होते. श्रोतेहो, हे पत्र लिहायला किती बळ लागलं असेल!

मग १९५० चा जानेवारी. लंडनला फुलहॅमच्या मैदानावर सामना. गोलकीपर प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ असतो, पाठीमागून येणारी प्रत्येक शिवी त्याला ऐकू येते. बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या त्या शहराने त्याला ‘नाझी’ म्हणून हिणवलं. तो एकामागून एक चेंडू अडवत गेला. सिटी फक्त १-० ने हरली. सामना संपल्यावर त्याच प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दुतर्फा उभं राहून त्याला वाट करून दिली.

पुढे तो सिटीकडून ५४५ सामने खेळला. फुटबॉल पत्रकारांचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९५६ मध्ये त्याला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला गोलकीपर. आणि हा पुरस्कार जाहीर झाला तो वेम्ब्लीच्या त्या फायनलआधी, मान धडधाकट असताना.

नमस्कार.