कोरी राहिलेली चार वर्तुळं

[दृश्य: निळ्या रंगात रंगवलेली लाकडी घनाकृती. दोन हात ती हळूहळू सुटी करतात.]

खाली अर्धगोल, मध्ये वृत्तचिती, वर शंकू. तिन्ही तुकडे आधी जोडले आणि मग रंगवले. आता सांधे सुटताना नीट बघा. अर्धगोलाची सपाट बाजू कोरी. वृत्तचिती वरून कोरी, खालूनही कोरी. शंकूचा तळ कोरा. कच्च्या लाकडाची चार वर्तुळं. ब्रश तिथं पोचलाच नव्हता.

पृष्ठफळ काढताना हमखास घोळ होतो तो या चार वर्तुळांपाशी.

मापं घेऊ. त्रिज्या सगळीकडे ७ सेमी. एकूण उंची ४१ सेमी, त्यात वृत्तचिती १० सेमी. मग शंकूची उंची किती? ४१ मधून १० वजा करून ३१ लिहिलंत, की पुढचं सगळं गणित फसलं. अर्धगोलालाही उंची असते, बरोबर त्याच्या त्रिज्येएवढी. ते ७ सेमीही वजा करा. शंकूची लंब उंची उरते २४ सेमी.

[दृश्य: शंकूच्या उतारावर टेकवलेली पट्टी.]

उतारावर पट्टी ठेवली की मात्र २५ सेमी भरतात. ही तिरकस उंची. ७ चा वर्ग ४९, २४ चा वर्ग ५७६. बेरीज ६२५, तिचं वर्गमूळ २५. वक्रपृष्ठफळाला २५ घ्यायचे, घनफळाला २४. दोन्ही आकडे इतके जवळचे, की अदलाबदल झाली तरी उत्तर डोळ्यांना खटकत नाही. म्हणून आकृतीवर दोन्ही उंच्या आधीच लिहून ठेवा.

पाय (π) २२/७ धरू. अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ ३०८ चौ. सेमी, वृत्तचितीचं ४४०, शंकूचं ५५०. बेरीज १२९८ चौ. सेमी. रंग लागला तो एवढ्याच भागाला.

[दृश्य: चार कोरी वर्तुळं, जवळून.]

आता तिन्ही तुकड्यांची एकूण पृष्ठफळं मिळवून बघा: ४६२, ७४८ आणि ७०४. होतात १९१४. म्हणजे ६१६ जास्तीचे. एका वर्तुळाचं क्षेत्रफळ १५४ चौ. सेमी, आणि चार वेळा १५४ म्हणजे ६१६. चुकीचा हिशेब या लाकडावर असा उघडा दिसतो. एका सांध्यात दोन वर्तुळं दडतात, एक नव्हे. एकदाच वजा करून थांबणारेही पुष्कळ असतात.

[दृश्य: पोकळ शंकूतून वृत्तचितीत ओतलं जाणारं रंगीत पाणी. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काठोकाठ.]

घनफळाला सांध्यांची काळजी नाही. तळ आणि उंची सारखी असेल, तर शंकू वृत्तचितीच्या एक तृतीयांश. आपल्या आकृतीत शंकू १२३२ घन सेमी, वृत्तचिती १५४०, अर्धगोल सुमारे ७१८.६७. सरळ बेरीज: ३४९०.६७ घन सेमी. पत्रा, रंग, साचा, टाकी, सगळ्यांचा अंदाज याच दोन बेरजांवर चालतो.

[दृश्य: भरीव वृत्तचितीत वरून शंकू कोरला जातो. भुसा उडतो.]

इथं जोडणी नाही, कोरणी आहे. त्रिज्या ६ सेमी, उंची ८ सेमी. शंकू पूर्ण तोंडापासून थेट तळापर्यंत. घनफळातून एक तृतीयांश गेलं. पृष्ठफळही कमी झालं असेल, असं वाटतं ना? भरीव असताना ते १६८ पाय होतं. वरचं वर्तुळ गेलं, ३६ पाय कमी झाले. पण खड्ड्याची आतली भिंत उघडी पडली, आणि तिची तिरकस उंची १० सेमी, म्हणून ६० पाय वाढले.

[दृश्य: ब्रश खड्ड्यात उतरतो, भिंतीवरून फिरत टोकापर्यंत जातो.]

आता १९२ पाय.