भर उन्हात फ्लॅश कशाला?

नमस्कार श्रोतेहो.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते आणि दिवे घाट चढते. त्या दिवशी घाटात वारकऱ्यांबरोबर कॅमेरेवाल्यांचीही गर्दी असते. आभाळ भरून आलेलं असलं तर फोटो काढणं सोपं जातं. पण ढग फाटले, ऊन डोक्यावर आलं, की एक अडचण ठरलेली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी आजी समोरून येते. वृंदावन उन्हात लखलखत असतं, लुगड्याचा काठ झळकत असतो, आणि ज्या चेहऱ्यासाठी आपण कॅमेरा उचलला तो चेहरा नेमका वृंदावनाच्या सावलीत. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. घरी येऊन फोटो पाहावा तर वृंदावन दिसतं, आजी दिसत नाही.

तिथे उभं असताना मात्र आपल्याला ती नीट दिसत होती. कारण आपली नजर उन्हातून सावलीत जाताना सतत स्वतःला जुळवून घेते. कॅमेऱ्याला ती सोय नाही, त्याला एका फोटोसाठी एकच माप धरावं लागतं. टळटळीत उन्हातला पदर आणि सावलीतला चेहरा यांच्यात दोन ते तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे चेहऱ्यावर चौथा हिस्सा, कधी आठवा हिस्साच उजेड. चेहऱ्यासाठी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, वाढवलं तर आकाश पांढरंफटक होतं. आकाशासाठी कमी केलं तर चेहरा जातो. अशा वेळी कुणी फ्लॅश काढला की शेजारचा हटकून विचारतो, ‘एवढ्या उन्हात फ्लॅश कशाला?’ ऊन आहे म्हणूनच. फ्लॅशची सगळ्यात मोठी गरज अंधारात नसते, ती भर दुपारी असते, असं माझं ठाम मत आहे.

आता हे दोन उजेड एकत्र कसे नांदवायचे, ते बघू.

फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोत खरं तर दोन एक्सपोजर एकावर एक बसलेली असतात. एक नैसर्गिक उजेडाचं, दुसरं फ्लॅशचं. बादलीत नळाचं पाणी पडतंय आणि मध्येच तुम्ही एक तांब्या ओतलात, असं समजा. नळ किती वेळ चालू ठेवला त्यावर नळाचं पाणी ठरतं. तांब्यातलं पाणी मात्र तेवढंच राहतं, नळ मिनिटभर चालू असो की तासभर. इथे नळ म्हणजे ऊन आणि तांब्या म्हणजे फ्लॅश. फ्लॅशची ठिणगी सेकंदाच्या हजाराव्या भागात, बहुतेकदा त्याहूनही लवकर, येऊन विझते. शटर त्या आधी उघडलेलं असतं आणि नंतर मिटतं. म्हणून शटरचा वेग बदलला की बॅकग्राउंड, आकाश, रस्ता उजळतो किंवा काळवंडतो, पण फ्लॅशने पडलेला उजेड आहे तसाच राहतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याचं माप, हे ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखेच लागू पडतात. आणि फ्लॅशची पॉवर कमीजास्त केली, किंवा फ्लॅश जवळ-दूर नेला, तर फक्त चेहरा बदलतो, मागचं आकाश हलत नाही. एवढं एकदा मनात बसलं की बाकीचा हिशेब हातातला आहे.

माझ्या मते यात क्रम महत्त्वाचा. आधी फ्लॅश बंद ठेवायचा. कॅमेरा मॅन्युअलवर घ्यायचा आणि माणसाकडे न बघता त्याच्या मागच्या जागेचा फोटो घ्यायचा. घाट, ढग, दिंडीचे भगवे झेंडे जसे दिसायला हवेत तसे येईपर्यंत शटर आणि ॲपर्चर जुळवायचं. चेहरा काळा येईल, येऊ द्या. मग फ्लॅश चालू करायचा, कमी पॉवरपासून सुरुवात करायची आणि चेहरा मागच्या उजेडाच्या जवळ येईपर्यंत वाढवत न्यायचं. जवळ म्हणतोय, बरोबरीला नाही. भरावाचा, म्हणजे सावली भरून काढणारा, फ्लॅश उन्हापेक्षा साधारण एक स्टॉप मागे ठेवला, तर सावली सावलीच राहते आणि तिच्यातले डोळे दिसू लागतात. बरोबरीला आणला की चेहरा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

आपल्याला निदान प्रत्येक फोटो लगेच पडद्यावर दिसतो. होमाई व्यारावाला आणि त्यांच्या पिढीतल्या वृत्तछायाचित्रकारांनी फ्लॅश बल्बवर काम केलं. तो बल्ब एका फोटोत जळून संपायचा आणि फिल्म धुतल्याशिवाय निकाल कळायचा नाही. माणूस किती अंतरावर आहे ते नजरेने मोजायचं आणि त्यावरून ॲपर्चर मनात ठरवायचं, अशी ती रीत होती. तो हिशेब आजही शिकण्यासारखा आहे, म्हणून आकडे सांगतो.

लख्ख उन्हात आयएसओ १०० ठेवला आणि शटर सेकंदाच्या २००व्या भागावर, तर ॲपर्चर साधारण एफ ११ येतं. आता तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर मीटरमध्ये ४० आहे असं धरू. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागलं की अंतर मिळतं. ४० भागिले ११, म्हणजे साडेतीन मीटरच्या जरा पुढे. तेवढ्या अंतरावर फुल पॉवरचा थेट फ्लॅश उन्हाची बरोबरी करेल. आपल्याला एक स्टॉप मागे राहायचं आहे, म्हणून हाफ पॉवर पुरते. पण फ्लॅशपुढे छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला की त्यात दोनेक स्टॉप खर्ची पडतात. ते भरून काढायला फ्लॅश निम्म्या अंतरावर, पावणेदोन मीटरवर आणावा लागतो. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. उन्हात छोट्या फ्लॅशचा दम का निघतो, ते यावरून कळेल. पेन्सिल सेल असतील तर फुल पॉवरनंतर पुन्हा चार्ज व्हायलाही काही सेकंद जातात आणि तोवर आजी पुढच्या वळणावर गेलेली असते.

तुम्ही म्हणाल, ॲपर्चर एफ २.८ करू, म्हणजे भोक मोठं करू, मागचं धूसरही होईल आणि फ्लॅशला कमी कष्ट पडतील. तिथे सिंक, म्हणजे फ्लॅश आणि शटर यांची वेळ जुळणं, आडवं येतं. कॅमेऱ्यातल्या शटरचे पडदे दोन. बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या २००व्या किंवा २५०व्या भागापर्यंत एक क्षण असा येतो, की पूर्ण सेन्सर उघडा असतो. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा पार व्हायच्या आतच दुसरा निघतो, मधून फक्त एक फट सरकत जाते, आणि फ्लॅश लागला तर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. एफ ११ वरून एफ २.८ वर यायचं तर शटर ३२००व्या भागावर न्यावं लागेल. हायस्पीड सिंकमध्ये ते जमतं, कारण फ्लॅश तेव्हा एका ठिणगीऐवजी झरझर लुकलुकत राहतो, पण त्यात त्याची ताकद बरीच वाया जाते. चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लेन्सपुढे लावणं हा दुसरा उपाय. तो ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी करतो, म्हणून फ्लॅशला एफ ११ ला लागत होती तेवढीच पॉवर लागते. सोय होते, बचत होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण करायला मनापासून तयार झालो, ती सांगतो. आपल्याकडे फ्लॅशचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो माणसाला गोरं करण्यासाठी. लग्नाच्या अल्बममधल्या सावळ्या नवरीकडे बघा. समोरून थेट, भरपूर फ्लॅश मारून तिच्या त्वचेची सगळी छटा पुसून टाकलेली असते. सावळ्या रंगात तांबूस, सोनेरी, जांभळट अशा कितीतरी छटा असतात, आणि त्या दिसतात बाजूने येणाऱ्या, पसरलेल्या उजेडात. छोटा उघडा फ्लॅश समोरून मारला, की घामेजलेल्या कपाळावर आणि नाकावर पांढरे चट्टे उठतात आणि उरलेला चेहरा सपाट होतो. उजेड जितका मोठ्या पृष्ठभागावरून येईल, तितकी ती चमक पसरते आणि मऊ होते. म्हणून छत्री जवळ आणा, पॉवर कमी करा. सावळा माणूस फोटोत सावळाच दिसला पाहिजे. त्याचे डोळे दिसावेत, गालाचं हाड दिसावं, आणि रंग त्याचाच असावा.

याच ठिकाणी ऑटोमॅटिक, म्हणजे टीटीएल, फसवू शकतं. त्यात फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो. वारकऱ्याचं धोतर, सदरा, टोपी सगळं पांढरंशुभ्र. फ्लॅशला वाटतं उजेड खूप झाला आणि तो हात आखडता घेतो, चेहरा पुन्हा अंधारात. उलट मागे काळोख असला, की तो जास्त उजेड ओततो. थोडी सवय झाली की मॅन्युअल बरं. आणि हो, वारीत आधी ‘माऊली, फोटो काढू का?’ असं विचारायचं. भजनात रंगलेल्या माणसाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारण्याइतका कुठलाच फोटो महत्त्वाचा नाही.

संध्याकाळी गणित उलटं होतं. गुहागरच्या किनाऱ्यावर जोडपं समुद्राकडे पाठ करून उभं आहे, सूर्य नुकताच बुडाला आहे. आकाश दर मिनिटाला उतरत जातं, फ्लॅश मात्र तेवढाच. मग ॲपर्चर आणि पॉवर यांना हातच लावायचा नाही. शटर २००व्या भागावरून १००व्यावर, मग ५०व्यावर आणत जायचं. चेहरे जवळपास तसेच राहतात आणि मागचं आकाश हवं तेवढं उजळ मिळत जातं. शटर फार हळू झालं तर वाऱ्यावर उडणारा पदर कडेने पुसट होतो, तेवढं सांभाळा.

इथे रंगाचाही प्रश्न येतो. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विनचा, पांढरा. संध्याकाळ केशरी झालेली असताना त्या पांढऱ्या उजेडात चेहरे निळसर, परके वाटतात. फ्लॅशवर अर्ध्या मात्रेचा नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, चिकटवला की चेहरा त्या संध्याकाळचा होतो. जुन्या वाड्यात पिवळा बल्ब जळत असेल तर पूर्ण नारिंगी जेल लावा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंग जुळवण्याचं सेटिंग, बल्बवर ठेवा. मग खिडकीबाहेरची तिन्हीसांज आपोआप निळी येते. ट्यूबलाइटला हिरवट जेल लागतो. पण शक्य असेल तर ट्यूब बंद करायला सांगणं सगळ्यात सोपं.

आणि भर दुपारी आकाश दोन-तीन स्टॉप काळं करून, चेहऱ्यावर फ्लॅश झोकून, वादळ आल्यासारखा देखावा उभा करण्याची जी टूम आहे, ती मला पटत नाही. जाहिरातीत ठीक आहे. माणसाच्या फोटोत ती दुपार दुपार राहिली पाहिजे. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, तो दुरून पेटवणारा ट्रिगर लावा, आणि ज्या बाजूने नैसर्गिक उजेड येतोय असं वाटतं त्याच बाजूला, डोक्यापेक्षा थोडा वर धरा. मोबाइलने फोटो काढत असाल, तर त्याचा छोटा दिवा उन्हापुढे काही करू शकत नाही. त्यापेक्षा माणसाला सावलीच्या कडेला आणा आणि समोर पांढरं धोतर किंवा चादर धरा. उन्हाचा तोच उजेड परतून चेहऱ्यावर येतो.

करून बघायचं असेल, तर उद्या सकाळी घरातल्या कुणालातरी दारात उभं करा. मागे उजळ अंगण, चेहरा घराकडे. पहिला फोटो फ्लॅशशिवाय, अंगण नीट येईल असा. दुसरा त्याच मापावर, फ्लॅश एक अष्टमांश पॉवरवर. तिसरा एक चतुर्थांशावर, चौथा हाफवर. चारही शेजारी शेजारी लावा आणि फ्लॅशबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला विचारा, यात फ्लॅश कशात मारलाय. ज्या फोटोत चेहरा स्वच्छ दिसतोय आणि तरी त्याचं बोट तिकडे गेलं नाही, त्या फोटोची पॉवर आणि अंतर वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.