एका पायात बूट

[दृश्य : अंधारी खोली. गजर वाजतो. पांघरुणातून एक हात बाहेर येतो, गजर बंद करतो.]

पहाटेचे साडेपाच. व्यायामातला सगळ्यात अवघड भाग सुरू झालाय आणि अजून कुणी उठलेलंही नाही. पांघरुणाखाली युक्तिवाद रंगलाय. काल झोपायला उशीर झाला. गुडघा जरा कुरकुरतोय. आज राहू दे, उद्या दुप्पट करू. पंचाईत अशी, की यातलं काहीच साफ खोटं नाही.

[दृश्य : व्यायामाची सायकल. घामाने थबथबलेला चेहरा. पुढे सरकणारे सेकंद.]

‘आता होत नाही’ हे आपल्याला कोण सांगतं? पाय सांगतात, असं आपण धरून चालतो. २००९ साली संशोधक सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांना अगदी दमून थांबेपर्यंत सायकल मारायला लावली, दोन वेगवेगळ्या दिवशी. एका दिवशी सायकलवर बसण्याआधी त्यांना दीड तास संगणकावर डोकं पिळून काढणारं काम दिलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. माहितीपट पाहताना डोक्याला ताण पडत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आम्ही माहितीपटवाले ते मनाला लावून घेत नाही.

माहितीपटाच्या दिवशी ही मंडळी सरासरी ७५४ सेकंद टिकली. डोकं शिणलेल्या दिवशी ६४०. जवळजवळ दोन मिनिटं गळाली, आणि हृदय, श्वास, स्नायू यांच्या मोजमापात त्याचं कारण काही सापडेना. बदललं होतं ते एवढंच, की तेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते.

थकवा म्हणजे नुसते मनाचे खेळ, असा याचा अर्थ लावू नका. सांध्यात कळ आली तर थांबायचंच. पण एरवी आतून ‘बास’ ऐकू आलं, की आणखी एक मिनिट रेटून बघता येतं. बहुतेक वेळा ते मिनिट निघतं. रोज थोडं थोडं असं केलं, की त्या ‘बास’चा दरारा कमी होत जातो.

[दृश्य : चढावर थांबलेली बाई. हात कमरेवर. फक्त श्वासाचा आवाज.]

छातीत धडधड. धाप. तळहातांना घाम. चढ चढताना हे होतं, आणि जबर भीती वाटते तेव्हाही नेमकं हेच होतं. काही जणांना तर धडधडीचीच धास्ती बसते. ठोके वाढले की वाटतं, आता काहीतरी भयंकर होणार. त्या विचाराने ठोके आणखी वाढतात, आणि फास आवळत जातो. नेमाने पळणारा माणूस या अवस्थेत रोज आपणहून शिरतो. नाडी चढते, तो थांबतो, काही मिनिटांत ती उतरते. शेकडो वेळा हे चढणं-उतरणं अनुभवलं, की मुलाखतीच्या दाराबाहेर बसल्यावर छाती उडू लागते तेव्हा तो ठोका निदान ओळखीचा असतो. घाबरायला होतंच. फक्त घाबरण्याची भीती त्यात भर घालत नाही.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. खुणा, मध्येच रिकामे चौकोन.]

आता नेमाबद्दल. एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. संशोधक फिलिपा लॅली यांच्या सवयींवरच्या अभ्यासात ९६ जण होते. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य निघाला ६६. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. एक खाडा झाला की ‘गेलं सगळं’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी त्या रिकाम्या चौकोनाकडे पुन्हा एकदा बघावं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी. भरभर चाललं तरी चालतं.

[दृश्य : काही माणसं, एकत्र चालताना.]

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नैराश्यात बुडालेल्याला ‘ऊठ, जरा पळून ये’ म्हणणं निष्ठुरपणाचं आहे. त्याचं उठणंच तर हरपलेलं असतं. १९९९ साली नैराश्याच्या १५६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांना औषध घेणाऱ्यांइतकाच आराम पडला होता, मात्र औषधाचा गुण लवकर दिसू लागला होता. आणि तो व्यायाम एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडलेला नव्हता. आठवड्यातून तीनदा, गटात, देखरेखीखाली होता. उपचार चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

[दृश्य : पुन्हा तीच खोली. पाच वाजून बेचाळीस मिनिटं.]

पलंगाच्या काठावर तो बसलाय. एका पायात बूट आहे. दुसरा पलंगाखाली गेलाय, आणि तो वाकून हात लांबवून बघतोय.