दोन डोसांच्या मधले दिवस

(दृश्य: बार्शी एसटी स्टँड, दुपार. खिडकीशी बसलेली बाई. नवरा पिशवी वर टाकतो, फाइल मात्र हातातच धरून बसतो.)

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातून डोस घेऊन ही दोघं गावी निघालीत. या भागाला कॅन्सर नवा नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली ती याच बार्शीत, १९८७ साली. ताईंना स्तनाचा कॅन्सर आहे. किमोची सायकल, म्हणजे एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंतचा काळ, २१ दिवसांची. त्यातला एक दिवस हॉस्पिटलच्या खाटेवर जातो, बाकीचे सगळे घरात. सलाईन लावायला नर्स असते. पुढच्या दिवसांत कोण असतं, ते बघायला आपण त्यांच्या मागोमाग आलोय.

(दृश्य: घर, रात्र. अंगणातला दिवा.)

पहिली घाबरगुंडी त्याच रात्री उडते. लघवी लाल होते. मालक फोन शोधायला लागतात. पण हे रक्त नाही. डॉक्सोरुबिसिन नावाचं औषधच लाल असतं, पेशंट त्याला ‘लाल सलाईन’ म्हणतात. त्याचा रंग एक-दोन दिवस लघवीतून उतरतो. रंगाबरोबर थोडं औषधही उतरतं, म्हणून पहिले ४८ तास संडासात पाणी जरा जास्तच ओतायचं, आणि उलटीचं भांडं किंवा खराब झालेली चादर हातमोजे घालूनच उचलायची.

जाऊबाईंनी मोजे चढवले तेव्हा ताईंचा चेहरा पडला. साहजिक आहे. आपल्याकडे कुणाला लांबून हात लावणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. म्हणून हे मोठ्यानं बोललेलं बरं: मोजे औषधासाठी आहेत, माणसासाठी नाहीत. कॅन्सर लागत नाही. ताट-वाटी वेगळी काढायचं काही कारण नाही, आणि नातवानं मांडीवर बसायलाही हरकत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. तेलात मोहरी तडतडते. ताई पदर नाकाला लावून बाहेर येतात.)

खरी अडचण इथं आहे. घरात कुणी आजारी पडलं की उशाशी बसते ती घरातली बाई. इथं तीच आजारी. तिसऱ्या दिवशी ‘आता जरा बरंय’ म्हणत ती चुलीपुढं जाऊन बसते, कारण न बसायची सवयच नाही. आणि फोडणीचा वास नाकात गेला की सकाळपासून पोटात गेलेलं सगळं बाहेर पडतं.

या घरानं तोडगा काढला तो असा: फोडणी अंगणात, मागच्या चुलीवर, आणि ती द्यायची मालकांनी. पहिल्या दिवशी लसूण करपला. ताईंना वाढताना अन्न गरमागरम नसतं, कोमट असतं, कारण कोमट अन्नाला वास कमी. उलटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस वेळेवर. उलटी होईल तेव्हा बघू म्हणून डबीत ठेवायची नाही. या गोळीनं पोट साफ होत नाही, तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं. त्यावर औषध मिळतं.

आणि पथ्य? गावात प्रत्येकाकडं एक पथ्य आहे. गोड बंद, दूध बंद, अंडं बंद, वर गव्हांकुराचा रस आणि गुळवेलीचा काढा. साखर बंद केल्यानं गाठ उपाशी मरत नाही, पेशंट मात्र वाळतो. कच्च्या रसातून जंतू पोटात जातात. गुळवेलीनं यकृताला इजा झालेले पेशंट करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. ताईंना मिळतं ते ज्वारीच्या कण्या, मऊ वरणभात, पूर्ण उकडलेलं अंडं, हातानं सोललेलं केळ. तोंड आलं की चटणी बंद, आणि मीठ-खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. कच्ची मोडाची मटकी आणि बाजारातली कापलेली फळं सध्या नाहीत. वजन आठवड्यातून एकदा, किराणा दुकानातल्या काट्यावर. दुकानदार आता विचारतसुद्धा नाही, पोतं बाजूला सरकवतो.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. डोसानंतरच्या सातव्यापासून चौदाव्यापर्यंतच्या दिवसांना पेनानं गोल.)

हे गोल केलेले दिवस. याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा तळाला जातो. किमो गाठीच्या पेशींना मारते तशी हाडांच्या मज्जेतल्या वाढत्या पेशींनाही मारते, आणि शरीराचं लढायचं बळ काही दिवस जवळपास संपतं. तेव्हा घरातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे थर्मामीटर. एप्रिलात बार्शीच्या भागात कपाळाला हात लावून काय कळणार? इथं भिंतीसुद्धा कढत लागतात. थर्मामीटर तोंडात धरायचं. तोंड आलं असेल तर काखेत, पण काखेत आकडा थोडा कमी येतो हे ध्यानात ठेवून.

१००.४ फॅरनहाइट. इथं आकडा पोचला की सकाळची वाट बघायची नाही. तापाची गोळी देऊन ताप दाबायचा नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत सुई टोचून घ्यायची नाही. गाडी काढायची, फाइल घ्यायची आणि दारातच सांगायचं, ‘किमो चालू आहे, ताप आलाय.’ अशा तापात अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात सुरू झालं तर माणूस सावरतो. रात्र घरात काढली तर ताप जिवावर बेतू शकतो. गाडीवाल्याचा नंबर मालकांनी खडूनं दाराच्या मागं लिहून ठेवलाय.

या दिवसांत भेटायला येणारेही दाराबाहेरच. सर्दी-खोकला असलेला तर फाटकाबाहेर. पाहुण्याला चहा देऊन अंगणातूनच वाटेला लावणं हे आपल्याकडं किमोपेक्षा अवघड, पण सासूबाईंनी ते काम हौसेनं अंगावर घेतलंय.

(दृश्य: लॅबचा कागद. मालकांचं बोट एका ओळीवर थांबतं.)

विसावा दिवस. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट आलाय, काउंट कमी. डॉक्टर फोनवर म्हणतात, डोस आठवडाभर पुढं ढकलू. घर एकदम गप्प होतं. उपचार फसला की काय? तसं नाही. पेशी भरून यायला कधीकधी जास्त दिवस लागतात आणि तेवढी वाट बघितली जाते. मालक फोन ठेवतात, कॅलेंडरवरचा उद्याचा बार्शीचा फेरा खोडतात आणि जाऊबाईंना विचारतात, ‘अजून आठ दिवस राहशील का?’

त्या म्हणतात, ‘राहीन. पण फोडणी तुम्हीच द्यायची.’