हरलेली टीम नॅशनल फायनलला कशी? अमेरिकन कॉलेज आइस हॉकीचं प्लेऑफ गणित

नमस्कार मंडळी!

12 एप्रिल 2025. सेंट लुईस शहर. अमेरिकन कॉलेज आइस हॉकीची नॅशनल फायनल. एकीकडे वेस्टर्न मिशिगन, दुसरीकडे बोस्टन युनिव्हर्सिटी, म्हणजे बीयू. आता गंमत बघा. याच बीयूला तीनेक आठवडे आधी त्यांच्याच कॉन्फरन्सच्या सेमीफायनलमध्ये कनेटिकट युनिव्हर्सिटीनं हरवलं होतं. तीही नॉकआउट मॅच, हरलात की बॅगा भरा. मग बॅगा भरलेली टीम थेट देशाच्या फायनलला कशी पोचली?

[स्क्रीनवर: अमेरिकेचा नकाशा, ईशान्य कोपरा मोठा करून]

कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तरावर, असे सहा गट आहेत. आज आपण प्रामुख्यानं बघणार आहोत हॉकी ईस्ट. बोस्टन आणि आसपासची 11 कॉलेजं. बोस्टन कॉलेज, बीयू, नॉर्थईस्टर्न, मेन, प्रॉव्हिडन्स वगैरे. ही मंडळी 1983 मध्ये ईसीएसी नावाच्या जुन्या गटातून फुटून निघाली आणि 1984-85 पासून वेगळी खेळायला लागली. बोस्टनला शिकायला गेलेल्या बऱ्याच मराठी पोरांच्या ट्रान्सक्रिप्टवर यातलंच एखादं नाव असतं, आणि कॉलेजची टीम काय चीज आहे हे पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या ध्यानात येतं.

हिवाळाभर लीग चालते. मार्च उजाडला की प्लेऑफ. पहिल्या पाच टीम थेट क्वार्टरफायनलला, उरलेल्या सहा आधी आपसात भिडतात. क्वार्टरफायनल वरच्या क्रमांकाच्या टीमच्या घरी. सेमीफायनल आणि फायनल मात्र बोस्टनच्या टीडी गार्डनमध्ये. तेच, बास्केटबॉलच्या सेल्टिक्स आणि आइस हॉकीच्या ब्रुइन्सचं घर. सगळ्या फेऱ्या एकेका मॅचच्या. वाईट दिवस आला की खेळ खल्लास. जिंकणाऱ्याला लॅमोरिएलो ट्रॉफी.

इथवर आयपीएल प्लेऑफसारखंच वाटेल. पण खरा घोळ पुढे आहे.

देशाच्या स्पर्धेत जागा 16. त्यातल्या सहा जागा सहा कॉन्फरन्सच्या प्लेऑफ विजेत्यांना, डोळे झाकून. उरलेल्या दहा आकडेमोडीवर. 2025 मध्ये ही आकडेमोड पेअरवाइज पद्धतीची होती. प्रत्येक टीमची प्रत्येक टीमशी तुलना: एकमेकांविरुद्ध काय झालं, दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय झालं, आणि प्रतिस्पर्धी किती तगडे होते. म्हणजे ऑक्टोबरपासूनचा सगळा हिशोब.

याचा अर्थ काय? मार्चमध्ये एकाच बर्फावर उभ्या असलेल्या दोन टीम एकाच गोष्टीसाठी खेळत नसतात! एकीची जागा केव्हाच पक्की झालेली असते. तिला ट्रॉफी हवी असते, मान हवा असतो, पण हरली तरी पुढच्या आठवड्यात ती खेळणारच आहे. दुसरीचं वर्ष मात्र आज रात्री संपू शकतं.

2025 च्या हॉकी ईस्टमध्ये हे अगदी लख्ख दिसलं. बोस्टन कॉलेज लीगमध्ये अव्वल. क्वार्टरफायनलला त्यांच्याच घरी येऊन नॉर्थईस्टर्ननं त्यांना बाहेर काढलं. बोस्टन कॉलेजचं काय बिघडलं? देशाच्या स्पर्धेत त्यांना पहिलं मानांकन मिळालं. मुळीच काही बिघडलं नाही. नॉर्थईस्टर्न मात्र आकडेमोडीत कुठेच नव्हती. त्यांना पुढे जायचा एकच रस्ता होता, ट्रॉफी जिंकण्याचा. सेमीफायनलला समोर मेन. मॅच दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गेली आणि मेननं 4-3 नं जिंकली. एका गोलानं नॉर्थईस्टर्नचा मोसम संपला.

आता हा ओव्हरटाइम समजून घ्या, कारण प्लेऑफचा जीव यातच आहे. मॅच 20-20 मिनिटांच्या तीन पिरियडची. बर्फावर प्रत्येक टीमचे पाच खेळाडू आणि एक गोली, म्हणजे गोलकीपर. साध्या लीग मॅचला बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन, मग शूटआउट. प्लेऑफमध्ये ही चैन नाही. पाच विरुद्ध पाच, पूर्ण 20 मिनिटांचा पिरियड, पहिला गोल झाला की विषय संपला. नाही झाला? झांबोनी गाडी बर्फावर फिरून जाते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि पुन्हा 20 मिनिटं. अशीच कितीही वेळ.

6 मार्च 2015 ला याचा कळस झाला. हॉकी ईस्टचीच पहिली फेरी, मॅसॅच्युसेट्स विरुद्ध नोटर डेम, जी तेव्हा या गटात होती. पाच ओव्हरटाइम! घड्याळात भरली 151 मिनिटं 42 सेकंद. अडीच मॅचचा खेळ एका मॅचमध्ये. नोटर डेमचा गोली कॅल पीटरसननं 87 शॉट अडवले. सत्त्याऐंशी! आणि शेवटी एक आत गेलाच. मॅसॅच्युसेट्स 4-3. मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती.

पण तेव्हा ही फेरी तीन मॅचच्या मालिकेची होती. पुढच्या दोन्ही मॅच नोटर डेमनं घेतल्या. म्हणजे पुरुषांच्या डिव्हिजन वनमधली सगळ्यात लांब मॅच जिंकून मॅसॅच्युसेट्स घरी! आता एकेकच मॅच ठेवलीय. थरार आहे, मान्य. पण मला विचाराल तर मालिकाच बरी होती. पाच महिने घाम गाळणाऱ्या टीमला एका रात्रीत उडवून लावणं मला पटत नाही.

असो. 2025 ची फायनल मेन विरुद्ध कनेटिकट. मेननं 5-2 नं मारली. 2004 नंतरची त्यांची पहिली ट्रॉफी. मेन राज्यात मोठ्या लीगची एकही व्यावसायिक टीम नाही, तिथं युनिव्हर्सिटीची हॉकी हेच सर्वस्व. युनिव्हर्सिटीच्या ओरोनो गावाहून बोस्टनला गाडीनं सुमारे चार तास लागतात, तरी गार्डनमध्ये जिकडे बघावं तिकडे मेनचे निळे जर्सीवाले.

आणि पुढच्याच आठवड्यात? देशाच्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पेन स्टेटनं मेनला 5-1 नं लोळवलं. फायनल हरलेल्या कनेटिकटनं एक मॅच जिंकली आणि त्याच पेन स्टेटला ओव्हरटाइमपर्यंत झुंजवलं. आणि सेमीफायनल हरूनही आकडेमोडीवर आत आलेली बीयू सगळ्यात पुढे गेली. हॉकी ईस्टच्या तब्बल सहा टीम त्या 16 मध्ये होत्या, म्हणून हा उलटापालटा खेळ.

पण कॉन्फरन्स ट्रॉफी फुकाची असं समजू नका. लेक प्लॅसिडला, जिथं 1980 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं सोव्हिएत संघाला हरवलं त्याच रिंकवर, ईसीएसीची फायनल झाली. कॉर्नेलची जागा आकडेमोडीतून येणारच नव्हती. कोच माइक शेफर 1995 पासून तिथं, आणि हा त्यांचा शेवटचा मोसम. कॉर्नेलनं क्लार्कसनला 3-1 नं हरवलं आणि दार उघडलं. मग देशाच्या स्पर्धेत पहिल्याच मॅचला बिग टेन या दुसऱ्या गटाच्या विजेत्या मिशिगन स्टेटला 4-3 नं बाहेर फेकलं. त्यांना शेवटी थांबवलं कोणी? बीयूनं, ओव्हरटाइममध्ये, 3-2 नं. आणि बीयूला अखेर सेंट लुईसमध्ये वेस्टर्न मिशिगननं 6-2 नं आडवं केलं.

मार्चमध्ये बोस्टनच्या बाजूला असाल, तर माझा सल्ला आहे की फायनलपेक्षा सेमीफायनलचं तिकीट काढा. एकाच दिवशी दोन मॅच, चार कॉलेजांचे पाठीराखे, चार बँड. जाण्याआधी फोनवर देशाची क्रमवारी उघडा आणि चारपैकी पहिल्या 16 च्या बाहेर कोण आहे ते बघून ठेवा. शेवटच्या दोन मिनिटांत ती टीम एका गोलानं मागे असेल, तर गोलीला बाहेर बोलावून सहावा खेळाडू उतरवेल आणि स्वतःचा गोल उघडा टाकेल. त्या वेळी मोबाईल खिशात ठेवा, पॉपकॉर्न आणायला तर अजिबात उठू नका.