पांढरीतून कपाटात : तेरचं वस्तुसंग्रहालय

[दृश्य : तेरणाकाठचं टेकाड, पांढुरकी माती]

धाराशिव जिल्ह्यातलं तेर. वारकऱ्यांसाठी हे गोरोबाकाकांचं गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ मात्र पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर असल्याचं सांगतो. तेर म्हणजेच ते तगर, हे शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं.

शहर गेलं टेकाडांच्या पोटात. राख, पडक्या भिंती, खापरं मुरून झालेली ही पांढरी. मराठवाड्यात धाब्याच्या घरावर पसरायला हीच माती लागते. तिच्याबरोबर मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती, शिशाची नाणीही बाहेर यायची. गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे ती जमवत राहिले. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

[दृश्य : हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जवळून]

अशा संग्रहाची अडचण एकच, पण मोठी. वस्तू हातात आहे, ती कोणत्या थरातली ते माहीत नाही. १९५८ मध्ये पुरातत्त्व संशोधक चापेकरांनी इथे थराथरानं उत्खनन केलं, तेव्हा ताडून पाहायला आधार मिळाला. या हस्तिदंती मूर्तीचा आधार तर थेट इटलीत आहे. तिच्या घडणीची मूर्ती पाँपेईत सापडली, आणि पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ही घडण त्याआधीची.

[दृश्य : नाण्यांचं कपाट]

शिशाच्या नाण्यांना सगळ्यात मोठा धोका कपाटाचाच. लाकूड आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते, शिसं पांढरं पडून भुकटी होतं. ही भुकटी विषारी असते. हातमोजे घातल्याशिवाय शिवायचं नाही. नाणी पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी कपाटातच ठेवायची.

भाजक्या मातीत क्षार असतात. ओल सुकताना ते पृष्ठभागावर येतात आणि पापुद्रे सुटतात. त्यावर उपाय म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं, पाणी रोज बदलत. आधी बुडाशी एक थेंब टाकून बघायचा. माती मऊ पडली, तर वस्तू कच्ची भाजलेली. तिला पाणी दाखवायचंच नाही. रंगीत वस्तूलाही नाही.

हस्तिदंताचं दुखणं वेगळं. मे महिन्यात सुकून आकसतो, जुलैत फुगतो, आणि शिरेच्या दिशेनं तडकतो. पेटीतली आर्द्रता वर्षभर ५० टक्क्यांच्या आसपास राखायची, आणि दिव्याचा झोत लांब.

[दृश्य : नोंदवही]

क्रमांक वस्तूच्या मागे किंवा बुडाशी टाकायचा : आधी ॲसिटोननं निघेल अशा ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, त्यावर शाई, पुन्हा थर. नोंदवहीत क्रमांक, माप, वजन, फोटो आणि सापडल्याची जागा. जागा माहीत नसेल तर ‘तेर, पृष्ठभागावरून’ एवढंच. अंदाजानं शेताचं नाव लिहिलं, तर पुढचा संशोधक त्याच शेतात खणायला जाईल.